मनगटावरची चिल्लर

“हा डबाबी द्यायचा का?” भंगारवाल्याने विचारलं.

मी नव्या आरशावरचा कागद सोलत होतो. मागे वळूनही न बघता म्हणालो, “दे टाकून. चालत नाही आता त्यातलं काही.”

“चालत न्हाई म्हणूनच आमच्याकडं येतंय सगळं,” तो म्हणाला आणि डबा जमिनीवर उपडा केला. पाच पैसे, दहा पैसे, वीस पैसे, चार आणे. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं साठवलेली चिल्लर त्याने अ‍ॅल्युमिनियम एकीकडे, स्टील एकीकडे अशी निवडली आणि पोत्यात भरली. चार आणे सरकारने बंद करून तेव्हा चारेक महिने झाले होते. बाकीची नाणी तर त्याच्या कितीतरी आधीपासून कुणी हातात धरत नव्हतं.

आप्पा दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होते. जुनी खुर्ची गेली, फुटका आरसा गेला, डबा गेला, तरी ते जागचे हलले नाहीत. पण भंगारवाला माळ्यावरून काढलेलं जुनं पांढरं कापड ओढायला लागला, तसे ते उठले.

“ते न्हाई,” आप्पा म्हणाले. “ते राहू दे.”

“आप्पा, फाटलंय ते. नवी नायलॉनची चार आणून वर्ष झालं.”

“असू दे की. तुझ्या नायलॉनला मी काय म्हणलं का?”

त्यांनी कापड ओढून घेतलं, तेव्हा त्याच्या काठातून खुळखुळ आवाज आला. कापडाची घडी घालताना त्यांचा उजवा हात नेहमीसारखा हलत होता. मी नजर वळवली आणि पुन्हा आरशाला लागलो. ही दोन हजार अकराची, दिवाळी सरल्यानंतरची गोष्ट. तासगावात एसटी स्टँडच्या रस्त्याला, घरापासून चार पावलांवर आमचं केस कापायचं दुकान होतं, अजून आहे, आणि मी त्याचं सलून करायला निघालो होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं माझं झालं होतं. रंग वाळला नव्हता आणि मी उद्घाटनाचे पेढे सांगून आलो होतो.

त्या डब्यातल्या चिल्लरीविषयी थोडं सांगायला हवं. लहान मुलाचं जावळ काढलं की त्याच्या डोक्यावरून नाणं ओवाळून न्हाव्याच्या ताटात टाकतात. तासगाव आणि आसपासच्या दहा-बारा गावांतली निम्मी डोकी तरी आप्पांच्या हाताखालून गेलेली. पण त्या ओवाळणीच्या नाण्याचा आप्पांनी कधी चहासुद्धा प्यायला नाही. “लेकराच्या डोक्यावरनं उतरलेलं पोटात घालायचं नसतंय,” असा त्यांचा नेम. जावळाची मजुरी, धान्य, कापड ते घेत. ओवाळणीचं नाणं मात्र डब्यात जाई.

मात्र ते नुसतं तिथे पडून राहिलेलं आप्पांना खपत नसे. “खायचं न्हाई म्हणून काय झालं, कामाला लावायचं,” म्हणत. खुर्चीचा पाय हलतोय, घाला त्याच्याखाली दोन दहा पैसे. आरशाच्या खिळ्याला चकती नाही, ठोका अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्याला भोक. दोऱ्याला बांधलेला भोकाचा तांब्याचा पैसा आमच्याकडे ओळंबा म्हणून होता. गिऱ्हाईकाने “कल्ले खालीवर झाले” अशी कटकट केली की आप्पा तो कानाशी लोंबकळत धरत आणि गवंड्याच्या थाटात एक डोळा मिटून बघत. पावडरच्या रिकाम्या डब्यात चार नाणी घातली की रडक्या पोरांचा खुळखुळा तयार. दात पडलेल्या म्हाताऱ्यांच्या गालाला खळगा पडतो, तिथे वस्तरा नीट फिरत नाही. त्यांच्यासाठी उकळून ठेवलेला एक मोठा रुपया होता. तो तोंडात एका बाजूला धरला की गाल फुगायचा. एकदा एका म्हाताऱ्याला शिंक आली आणि रुपया घशाशी गेला, तेव्हापासून सुपारी आली.

आणि ते पांढरं कापड. गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती बांधतात ते. पंखा लावला की ते उडायचं आणि केस सगळे तोंडावर. आईने मग त्याच्या चारही काठांत जड नाणी शिवून टाकली. चार आणे आणि कमळाचे पितळी वीस पैसे, एकेकाला वेगळा कप्पा, दुहेरी दोरा. आईला जाऊन आज किती वर्षं झाली, पण त्या शिवणीतला एक टाका सुटला नव्हता. दाढी करताना आप्पा त्या कापडाचा लोंबता कोपरा उचलून स्वतःच्या उजव्या मनगटावर टाकत. वस्तऱ्याचा फेस पुसायला घेतात, असं मी समजत होतो.

आता आप्पांच्या हाताचं सांगतो. साठीनंतर त्यांचा उजवा हात हलायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, काहींना होतं. चहाची कपबशी धरली की बशीत वाजायची. पण वस्तरा हातात घेतला की हात ठीक राहायचा, निदान तसं आम्हाला वाटायचं. त्याच्या आदल्या वर्षी गणपतीच्या आधी मी नायलॉनची चार कापडं आणली, मानेशी चिकटपट्टी असलेली, आणि जुनं माळ्यावर टाकलं. त्याच आठवड्यात निवृत्त पोस्टमास्तर नलवडे दाढीला बसले आणि आप्पांचा वस्तरा त्यांच्या कानाच्या पाळीला लागला.

फार नव्हतं. तुरटीवर भागलं. नलवडे बिचारे काही बोलले नाहीत, उलट “होतं कधीतरी” म्हणाले. मीच बोललो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यादेखत मी आप्पांच्या हातातून वस्तरा काढून घेतला. म्हणालो, “आप्पा, आजपासून याला हात लावायचा नाही. दुकान बंद पाडायचंय का आपल्याला?”

आप्पा टॉवेल उचलून घड्या घालायला लागले. त्यांचा जुना पोलादी वस्तरा मी खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. त्या दिवसापासून आप्पा रोज दुकानात यायचे, झाडून काढायचे, टॉवेल वाळत घालायचे आणि पायरीवर बसायचे. आमच्यात त्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला आज वाटतं.

सलूनचं काम चालू असतानाच माझ्या बहिणीचा, उज्जीचा, आटपाडीहून फोन आला.

“दादा, बाळाचं जावळ माहेरी काढायचं ठरलंय. सासूबाईबी हो म्हणाल्या. पुढच्या रविवारी.”

“ये की. चांगलंच झालं.”

“आप्पांच्या हातनं काढायचं.”

आता यातली गंमत अशी की, जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा मी. आणि घरातला वस्तरा धरणारा माणूसही मीच. मांडीवर बाळ घेऊन त्याच्या डोक्यावर वस्तरा कसा चालवणार? गावच्या जावळांना आजवर मी हजामत करायला गेलो, मामा दुसरा कुणी असायचा. स्वतःच्या भाच्याच्या वेळी मात्र न्हाव्याच्या घरी बाहेरून न्हावी आणायची वेळ आली होती.

“आपल्या पेठेतल्या दत्तूला सांगतो,” मी म्हणालो. “हात चांगला आहे त्याचा. मशीनने काढील, काही भीती नाही.”

“मला मशीनने नको आणि दत्तूबी नको.”

“उज्जे, आप्पांचा हात तू बघितला नाहीस वर्षभरात.”

“बघितलाय. दिवाळीला आले होते की. चहा सांडला, तर टॉवेलनं पुसत बसले अर्धा तास.” मग तिचा आवाज खाली आला. “दादा, त्यांनी गावभरच्या पोरांची जावळं काढली. आपल्या नातवाचं दुसरा काढणार आणि ते बघत बसणार का?”

“लेकराच्या डोक्याला काही झालं तर?”

मी दत्तूला निरोप दिला.

उज्जी शुक्रवारीच आली. बाळ अकरा महिन्यांचं, डोक्यावर हे एवढं काळंभोर जावळ, मांडीवर घेतलं की आधी नाक धरायचं. बरोबर पिशव्या, खाऊ, रविवारी सजावटीला फुगे. माझी बायको कुंदा आणि ती स्वयंपाकघरात बसून फुगे फुगवत होत्या. तिसऱ्या फुग्याला आप्पा आत आले आणि म्हणाले, “एक मला दे गं.”

“घ्या की. बाळाला पाहिजे का?”

“मला पाहिजे.”

ते फुगा घेऊन परसात गेले. मला संशय आला म्हणून मी मागोमाग गेलो. आमच्याकडे पोराला वस्तरा शिकवतात तो फुग्यावर. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो फेस वस्तऱ्याने साफ काढायचा. फुगा फुटला की मागून टपली. मी असे तीस-चाळीस तरी फोडले असतील.

आप्पा पाण्याच्या टाकीपाशी बसले होते. शेजारी जुनं कापड पडलेलं, त्याचा काठ त्यांनी कात्रीने लांबलचक पट्टीसारखा कापून घेतला होता. ती नाण्यांची पट्टी त्यांनी उजव्या मनगटावर पाच-सहा वेढे देऊन गुंडाळली होती आणि दाताने गाठ मारत होते. पाव किलो तरी वजन असेल. हातात वस्तरा नव्हता, तो माझ्या खणात होता. त्यांनी स्टीलची पट्टी घेतली होती, मापं घ्यायची असते ती, तिला धार कसली, बोथटच. पण फुग्यावर चुकीचा दाब पडला तर तिनेही फुगा फुटतो.

मी दारातच थांबलो. उज्जी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

आप्पांनी फुगा गुडघ्यात धरला. हात वर उचलला, तेव्हा नाणी बारीक खुळखुळली. मग हात खाली आला आणि फुग्यावर टेकला. फेसाची एक लांब रेघ साफ निघाली. पट्टी पुसली. दुसरी रेघ. हात हलत नव्हता असं नाही, पण ते हलणं आता आत कुठेतरी होतं, बोटांपर्यंत पोचत नव्हतं. देठाच्या बाजूला, जिथे माझा हमखास फुटायचा, तिथे ते अगदी सावकाश गेले आणि सगळा फेस काढून फुगा धुऊन बाजूला ठेवला.

“बघितलंस?” उज्जी माझ्या कानाशी म्हणाली.

आप्पांनी वर बघितलं. आम्ही चोरून बघत होतो हे त्यांना आधीच कळलं असावं.

“कसं काय हो आप्पा हे?” उज्जीने विचारलं.

“वजन असलं की हात जाग्यावर ऱ्हातोय,” ते म्हणाले. “हलक्या बादलीला हेलकावे जास्त.”

ते माझ्याकडे बघत होते. काही मागत नव्हते. मला तेव्हा ‘खण उघडतो’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मी म्हणालो नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. म्हणालो, “फुगा वेगळा, लेकरू वेगळं. फुगा मान हलवत नाही.”

“खरं हाय,” आप्पा म्हणाले आणि मनगटावरची गाठ सोडायला लागले. डाव्या हाताने ती सुटेना. उज्जी पुढे झाली आणि तिने सोडली. माझ्याशी ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलली नाही.

रविवारी सकाळी अंगणात पाट मांडला, रांगोळी काढली. उज्जीच्या सासूबाई आटपाडीहून आल्या होत्या. रीतभात जाणणारी बाई, चार गावांत हिच्या शब्दाला मान. मी नवी टोपी घालून पाटावर बसलो, बाळ मांडीवर घेतलं. मामाने पहिली बट कापायची असते, ती मी कात्रीने कापली. बायकांनी ती तळहातावर झेलली. मग दत्तूने मशीन चालू केलं.

मशीनचा तो घर्रर्र आवाज कानाशी आल्याबरोबर बाळ माझ्या मांडीवर ताठ झालं आणि त्याने जो सूर धरला, तो शेजारच्या आळीत ऐकू गेला असेल. मान उजवीकडे, डावीकडे, मागे. दत्तू थांबला, पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. उज्जीने खेळणं हलवलं, कुंदाने गाणं म्हटलं, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. पोर निळं पडायला आलं. डोक्याच्या एका बाजूला कुरतडल्यासारखा पट्टा तेवढा निघाला होता.

“हे असं अर्धं ठेवता यायचं न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “अपशकून असतोय.”

“मशीनला भितंय ते,” दत्तू म्हणाला. “वस्तऱ्यानं करू म्हणलं तर एवढं हलतंय, माझी छाती न्हाई बाबा.”

तेवढ्यात माझ्या मागे खुळखुळ वाजलं.

बाळाचं रडणं एकदम अडकलं. त्याने मान वळवली. आप्पा त्याच्या कानापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले होते. पट्टी मनगटावर गुंडाळलेली. त्यांनी फक्त हात जरासा हलवला. म्हणजे हलवायची गरजही नव्हती, तो आपोआप हलत होता, आणि त्या हलण्याने काठातले चार आणे आणि वीस पैसे एकमेकांवर बारीक वाजत होते. बाळ हुंदका गिळून त्या हाताकडे बघत राहिलं. आप्पांनी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. आवाज कानाशी आला तसं ते शांतपणे ऐकायला लागलं.

अंगणातलं सगळं जग माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं, सगळे बाळाकडे बघत होते. मी कमरेचा जुडगा काढून कुंदाकडे दिला.

“दुकानातला डावीकडचा खण,” मी म्हणालो. “आप्पांचा वस्तरा आण. उकळतं पाणी पण आण.” मग आप्पांकडे बघत म्हणालो, “आप्पा, तुम्ही घ्या.”

“धरशील नीट?” आप्पांनी विचारलं.

“धरतो.”

मला आजवर कशाचं भय वाटलं असेल तर त्या पुढच्या दहा मिनिटांचं. दोन्ही हातांनी मी ते एवढंसं डोकं धरलं होतं. टाळूची नस माझ्या बोटाखाली उडत होती. आप्पांनी वर्षभर पडून असलेला वस्तरा चामड्याच्या पट्टीवर लावला, नखावर धार बघितली, गरम पाण्यात बुडवून काढला. बाळाच्या डोक्याला कोमट पाणी चोळलं. नाणी वाजली. बाळ हसलं. मग वस्तरा टेकला.

कपाळापासून मागे एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी हात उचलला की खुळखुळ, आणि टेकला की चूप. बाळालाही ते समजलं असावं, खुळखुळ थांबली की तेही स्तब्ध व्हायचं आणि पुन्हा वाजायची वाट बघायचं. मी आप्पांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मनगटाकडे बघत होतो. कापडाच्या विरलेल्या सुतातून एकेक नाणं वर आलेलं दिसत होतं आणि त्याच्याकडेला आईचा दुहेरी टाका. कानामागची जागा आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आप्पा ओल्या फडक्याने बाळाचं डोकं पुसत होते. गोरंपान डोकं, त्यावर एक ओरखडा नव्हता.

उज्जी रडत होती. रडत रडत मला म्हणाली, “आता सोड की त्याला, दादा.” मी अजून डोकं धरूनच बसलो होतो.

मग ओवाळणीची वेळ आली आणि सासूबाई अडून बसल्या.

“सव्वा रुपयाच ओवाळायचा,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं तीच रीत.”

“आत्याबाई, चार आणे आता कुठनं आणायचे?” उज्जी सासूला म्हणाली. “बंद झाले.”

“सरकारनं बंद केले म्हणून रीत बंद होती का?”

सगळ्यांनी पाकिटं उलटीसुलटी केली. कुणाकडे चार आणे निघेनात. मला तो डबा आठवला, आणि भंगारवाल्याचं पोतं आठवलं. घरात चार आण्यांचा ढीग होता आणि तो मी आठ दिवसांपूर्वी अ‍ॅल्युमिनियम-स्टीलच्या भावात घालवला होता.

आप्पांनी कात्री घेतली, मनगटावरच्या पट्टीच्या टोकाचा एक कप्पा उसवला आणि एक चार आण्याचं नाणं काढून सासूबाईंच्या हातावर ठेवलं.

“आता हे बघा,” त्या म्हणाल्या. “व्याही, तुमचंच नाणं तुम्हाला ओवाळायचं?”

“तसंच असतंय, विहीणबाई. फिरून यायचंच हाय.”

त्या हसल्या. रुपया आणि चार आणे बाळावरून ओवाळून त्यांनी आप्पांच्या ताटात टाकले. आप्पांनी रुपया तसाच ताटात राहू दिला आणि चार आणे उचलून पैरणीच्या खिशात घातले.

पाहुणे जेवून गेले. उज्जी आणि बाळ आत झोपली. ऊन उतरायला लागलं तसे आप्पा दुकानाकडे निघाले. मीही निघालो. सगळं जावळ होईपर्यंत जे डोक्यात घोळत होतं, ते मला विचारायचं होतं. नवी खुर्ची, नवे आरसे, रंगाचा वास. आप्पा पट्टी न सोडताच आत आले होते.

“आप्पा,” मी म्हणालो, “नलवड्यांच्या वेळी गळ्यात नवं कापड होतं.”

“व्हय.”

“जुन्याचा कोपरा तुम्ही मनगटावर टाकायचात. तो फेस पुसायला नव्हता.”

“पुसायलाबी हुता.”

“किती वर्षं टाकत होता?”

“हात हलायला लागल्यापासनं. एकदा चुकून पडला मनगटावर, तवा कळलं. तुझी आई वरनं काम करती म्हणायचो.”

“मग मी नवं आणलं, तेव्हा सांगितलं का नाहीत? त्या दिवशी तरी सांगायचं. मी चारचौघांत बोललो तुम्हाला.”

आप्पांनी आरशातल्या माझ्याकडे बघितलं.

“काय सांगणार? तुझं चुकलं न्हवतं. हात तर हलतच हुता की.”

मी म्हणालो, “उद्यापासून तुम्ही बसा खुर्चीवर. पट्टी आहेच. गिऱ्हाइकांना मी सांगतो.”

“न्हाई,” ते म्हणाले. “झालं आता.”

“का? आज बघितलं की सगळ्यांनी.”

त्यांनी वस्तरा खिशातून काढला, मिटवला, आणि हत्यारांच्या धोकटीत, फणीच्या शेजारी त्याच्या जागेवर नीट ठेवून दिला. धोकटीची दोरी बांधली.

“तू काढून घेतला हुतास,” ते म्हणाले. “मला माझ्या हातानं ठेवायचा हुता.”

बाहेर स्टँडवर आटपाडीची गाडी लागल्याची आरोळी ऐकू येत होती. आप्पा नव्या खुर्चीवर बसले, दोनदा वर-खाली करून बघितली, पसंत पडल्यासारखी मान हलवली.

“दाढी कर माझी,” ते म्हणाले. “सकाळपासनं राहिलीय.”

मी नायलॉनचं कापड बांधलं. फेस लावला. गेली वीस वर्षं मी रोज पंधरा-वीस दाढ्या करत होतो. ब्लेड घातलेला माझा वस्तरा आप्पांच्या गालाशी नेला आणि बघतो तर माझा हात हलत होता. मी थांबलो, पुन्हा नेला. पुन्हा हलला.

आप्पांनी आरशात बघितलं. कापडाखालून हात बाहेर काढला, दाताने गाठ सोडली, आणि ती चिल्लर माझ्या मनगटावर एकेक वेढा घट्ट करत गुंडाळली. मग खिशातलं सकाळचं ते चार आण्याचं नाणं काढून उसवलेल्या कप्प्यात सरकवलं आणि मान मागे टेकून डोळे मिटले.

“हं,” ते म्हणाले. “आता कर.”